त्वरण म्हणजे वेग नाही

संपादक साहेब, नमस्कार

रॉकेटची, गाडीची नाहीतर विमानाची बातमी असली की अ‍ॅक्सलरेशनच्या, म्हणजे त्वरणाच्या जागी सर्रास वेग लिहिलं जातं नाहीतर वेगाच्या जागी त्वरण, आणि मग 'त्वरण सेकंदाला 3 किलोमीटर' असलं काहीतरी वाचायला मिळतं म्हणून हे पत्र. सेकंदाला 3 किलोमीटर हा वेग झाला हो! तो वेग दर सेकंदाला कितीने बदलतोय ते त्वरण, म्हणूनच त्याच्या एककात सेकंद दोनदा येतो, मीटर प्रति सेकंद वर्ग.

मला वाटतं गोंधळ शब्दाच्या जन्मातच आहे. लॅटिनमध्ये सेलर म्हणजे चपळ, त्याच्या आधी 'कडे' अशा अर्थाचा 'आड्' हा उपसर्ग लागला आणि क्रियापद झालं अक्सेलेरारे, म्हणजे घाई करणं, त्यातूनच अ‍ॅक्सलरेशन आलं. आपलं त्वरण पण संस्कृतच्या त्वर् धातूचं, त्वरा आणि त्वरित त्याच घरातले. म्हणजे दोन्हीकडे मुळात घाईच आहे, त्यामुळे शब्द ऐकला की आधी स्पीडच डोळ्यासमोर येतो. गॅलिलिओने 1638 मध्ये पडणाऱ्या वस्तूंबद्दल लिहिलं तेव्हा सारख्या वेळात सारखाच वेग वाढत जातो ती एकसमान त्वरणाची गती अशी नेमकी व्याख्या केली, तिथपर्यंत जुना अर्थ चालून जातो, पण पुढे न्यूटननंतर वेगाची नुसती दिशा बदलली तरी ते त्वरणच मानतात, आणि इथे घाईचा काही संबंधच उरत नाही.

चंद्रच घ्या ना, सेकंदाला साधारण 1 किलोमीटर, चाल जवळपास तेवढीच राहते, तरी पृथ्वीकडे त्याचं त्वरण एक क्षणही थांबत नाही कारण दिशा सतत वळतेय. किंवा चेंडू सरळ वर फेका, अगदी टोकाला पोचला त्या क्षणी वेग शून्य पण त्वरण तेव्हाही 9.8 मीटर प्रति सेकंद वर्गच, खालच्या दिशेने. ते पण शून्य असतं तर चेंडू वरच लटकून राहिला असता. शाळेत हे एवढं एक उदाहरण नीट समजावलं तरी पुष्कळ झालं.

गाडीत फक्त एकाच पेडलला अ‍ॅक्सलरेटर म्हणतात पण खरं तर ब्रेक आणि स्टिअरिंग पण त्वरणच देतात, ब्रेकचं उलट्या दिशेने इतकंच, त्याला मंदन म्हणतात.

तेव्हा बातमी लावताना आकड्यापुढचं एकक तेवढं बघा, सेकंदावर वर्ग असेल तरच त्वरण लिहा, नसेल तर वेग.

आपला एक नियमित वाचक