तक्रार पत्र : दोन्ही कडा कापलेली डिस्क

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ‘द सोर्ड ऑफ डूम’ (१९६६) या जपानी सामुराई चित्रपटाच्या ब्लू-रे डिस्कमधील दोष; दुसरे पत्र

महोदय,

माझ्या पहिल्या तक्रारीला तुमचं उत्तर आलं : ‘शेवट अर्धवट असल्याबद्दल दिलगीर आहोत, डिस्क बदलून देतो.’ शेवटाबद्दल मी एक अक्षरही लिहिलं नव्हतं! तो शेवट तसाच आहे. र्‍युनोसुके हा तलवारबाज नायक जखमी होऊनही तलवार चालवत राहतो, चित्र गोठतं, संपलं. हा चित्रपट ज्या कादंबरीमालेवर बेतलाय, ती नाकाझातो काइझान यांनी १९१३ साली वर्तमानपत्रातून सुरू केली, ४१ खंड झाले, तरी ती अपुरीच राहिली. दिग्दर्शक किहाची ओकामोतो यांचेही पुढचे भाग कधी निघाले नाहीत. तेव्हा कृपा करून शेवटाला हात लावू नका.

माझी तक्रार चित्राच्या रुंदीची आहे. वेष्टनावर २.३५:१ (रुंदी : उंची) छापलंय. डिस्क लावली तर चित्र टीव्हीभर पसरलेलं! टीव्ही १६:९ चा, म्हणजे साधारण १.७८. हिशोब तुम्हीच करा; रुंदीचा जवळजवळ चौथा हिस्सा गायब. फोनवर तुमच्या ताई म्हणाल्या, “सर, वरखाली काळ्या पट्ट्या येत नाहीत, मग चांगलंच ना?” अहो, त्या पट्ट्यांसाठीच तर पैसे मोजले.

बर्फातली चकमक लावून बघा. भलताच माणूस समजून र्‍युनोसुकेची टोळी तलवारबाजीचा गुरू शिमादावर (तोशिरो मिफुने) तुटून पडते, तो एकेकाला लोळवतो आणि र्‍युनोसुके (तात्सुया नाकादाई) नुसता बघत राहतो. आजवर कुणालाही न बधलेला हा माणूस तिथे पहिल्यांदा हादरतो. कोण कुठून चालून येतंय हे दिसलं तरच त्या हादरण्याला अर्थ. माझ्या डिस्कवर कडेतून नुसती मनगटं आणि तलवारींची टोकं आत येतात.

सबटायटल्सही दोन वाक्यं मागे आहेत. माणूस मेल्यावर त्याचं बोलणं उमटतं.

बदली डिस्क त्याच खेपेतली नको. पूर्ण रुंदीची प्रत पाठवा, नाहीतर सगळे पैसे परत करा. परतीचा कुरिअर खर्च तुमचा. १५ दिवसांत काही झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन. बिल, वेष्टन आणि टीव्हीच्या पडद्याचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपला,
एक ग्राहक