मासे ‘जुळवून घेतील’ म्हणणं सोपंय

संपादक साहेब, नमस्कार.

समुद्र तापतोय अशी बातमी आली की कोणीतरी म्हणतंच, प्राणी काय, बदलत्या वातावरणाशी जुळवून घेतील. कोण घेणार, किती वर्षांत, हे कोणी सांगत नाही.

नदीतून समुद्रात जाणाऱ्या सॅमन माशाचं उदाहरण लगेच पुढे येतं आणि ते खरंच भारी आहे, नदीत असताना पाणी आपोआप त्याच्या अंगात शिरत राहतं म्हणून भरपूर पातळ लघवी करून ते बाहेर टाकायचं आणि कल्ल्यांनी मीठ आत ओढायचं, समुद्रात गेला की सगळं उलटं, अंगातलं पाणी बाहेर जातं म्हणून खारं पाणी प्यायचं आणि जास्तीचं मीठ त्याच कल्ल्यांतून बाहेर फेकायचं, आणि या बदलाची तयारी समुद्रात पोचायच्या आधीच सुरू होते. पण ही सोय त्याच्या पूर्वजांकडून आलेली आहे, एका पिढीची कमाई नाही. बहुतेक माशांकडे ती नसतेच.

आता आइसफिश बघा. अंटार्क्टिकाजवळ पाणी उणे 1.9 अंशापर्यंत जातं, तिथल्या माशांच्या रक्तात अशी प्रथिनं असतात की ती बर्फाच्या बारीक कणांना चिकटतात आणि त्यांना वाढू देत नाहीत. आइसफिशने तर रक्तातून ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिनच घालवलंय! रक्त लाल नाही, जवळपास पाण्यासारखं दिसतं. थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो, शिवाय हृदय मोठं आणि रक्तही भरपूर, म्हणून त्याचं भागतं. पण हिमोग्लोबिन बनवणारी जीन्स एकदा गेली ती गेली, पाणी तापलं म्हणून परत येत नाहीत, आणि तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी मिळतो अन् शरीराला लागतो जास्त, म्हणजे दोन्हीकडून मार.

तिथलेच ट्रेमाटोमस नावाचे मासे आहेत, त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं. सोमेरो आणि डीव्रीज या शास्त्रज्ञांनी 1967 साली दाखवलं की ते साधारण 6 अंशालाच मरतात. आपल्या फ्रिजमधलं पाणी त्यांना उकळत्यासारखं!

जे मासे रोज भरती-ओहोटीत खारं-गोडं, गरम-थंड सोसतात ते कदाचित तग धरतील, पण लाखो वर्षं एकाच तापमानात राहिलेल्यांना तीच सवय महागात पडते. तेव्हा अशी बातमी छापताना निदान कोणता मासा आणि किती अंशापर्यंत टिकतो एवढं तरी द्या, नुसतं ‘जुळवून घेतील’ नको.

आपला एक वाचक