महासंगणकाच्या बातमीत साठवणीलाही जागा हवी

माननीय संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील ‘अर्का’ आणि नोएडातील ‘अरुणिका’ या महासंगणकांचे लोकार्पण झाले. त्या वेळी माझ्या वाचनात आलेल्या बातम्यांत त्यांचा गणनेचा वेग सांगणारे ११.७७ आणि ८.२४ पेटाफ्लॉप हे आकडे ठळकपणे होते. ‘अर्का’ला जोडलेली ३३ पेटाबाइटची (एक पेटाबाइट म्हणजे सुमारे दहा लाख जीबी) डेटाची साठवण मात्र जेमतेम एखाद्या ओळीत उरकलेली दिसली आणि ती साठवण चालवणाऱ्या सर्व्हरांविषयी तर एक शब्दही नव्हता. एका संशोधन संस्थेच्या क्लस्टरची, म्हणजे एकत्र जोडून एकाच यंत्रासारख्या चालवलेल्या संगणकांची, साठवण सांभाळण्याचे काम मी अनेक वर्षे करत आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

महासंगणकाचे शेकडो नोड, म्हणजे त्यात जोडलेले स्वतंत्र संगणक, एकाच वेळी एकाच फाइलमध्ये लिहू-वाचू लागतात तेव्हा एका सर्व्हरचा निभाव लागणे शक्य नसते, म्हणून फाइलींचे तुकडे करून ते अनेक सर्व्हरांवर वाटून ठेवणारी समांतर फाइल प्रणाली वापरतात. जगभरातील मोठ्या यंत्रांवर आणि आपल्या ‘परम’ मालिकेतील अनेक यंत्रांवर चालणारी लस्टर ही अशीच एक मुक्त-स्रोत (ओपन सोर्स) प्रणाली आहे. १९९९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात पीटर ब्राम यांच्या संशोधनातून तिची सुरुवात झाली. तिच्यात कामाची वाटणी काटेकोर असते. फाइलचे नाव, मालकी, परवानग्या आणि तिचे तुकडे कुठे ठेवले आहेत याची नोंद मेटाडेटा सर्व्हरकडे असते, तर प्रत्यक्ष तुकडे ऑब्जेक्ट स्टोरेज सर्व्हरांच्या, म्हणजे साठवण सर्व्हरांच्या, डिस्कांवर असतात. संपूर्ण रचनेची माहिती ठेवणारा मॅनेजमेंट सर्व्हर वेगळा असतो, पण एकदा नोड जोडले गेले की त्याच्याकडे फारसे कोणी फिरकत नाही. नोडने मेटाडेटा सर्व्हरला एकदा पत्ता विचारला की पुढची सगळी ने-आण तो थेट साठवण सर्व्हरांशी करतो, आणि म्हणूनच साठवण सर्व्हर वाढवत गेले की मोठ्या फाइलींचा वेग वाढत जातो.

मार्केट यार्डात आत गाळे कितीही रिकामे असोत, फाटकावर एकच कारकून पावत्या फाडत असेल तर टेम्पोंची रांग रस्त्यापर्यंत येणारच. मेटाडेटा सर्व्हरचे नेमके असेच होते. आमच्याकडे एका सकाळी सगळ्यांचीच कामे अडकली. साधी दहा ओळींची फाइल उघडायला मिनिट-मिनिट लागू लागले आणि डिस्क बिघडल्याच्या तक्रारी आल्या. पाहतो तो साठवण सर्व्हर जवळपास स्वस्थ बसलेले आणि मेटाडेटा सर्व्हर मात्र विनंत्यांखाली दबलेला! एका संशोधक विद्यार्थिनीच्या प्रोग्रॅमने एकाच फोल्डरमध्ये सुमारे ४० लाख फाइली तयार केल्या होत्या, प्रत्येकी दोन-तीन केबीच्या, आणि तिने यंत्रावर लावलेली शेकडो कामे (जॉब) त्या फोल्डरची तपशीलवार यादी पुन्हा पुन्हा मागवत होती. सगळ्या मिळून १० जीबीच्या आसपास, म्हणजे खिशातल्या पेनड्राइव्हवर मावेल इतकाच तो डेटा होता. त्यात तिची काहीही चूक नव्हती, कारण तिला हे कोणी कधी सांगितलेच नव्हते. त्याच फाइली एका मोठ्या फाइलमध्ये बांधून ठेवल्यावर तिचे काम आणि इतरांचेही सुरळीत सुरू झाले.

अशा अडचणींवर प्रणालीतही उपाय आहेत. २०१३ च्या २.४ आवृत्तीपासून लस्टरमध्ये मेटाडेटाचे काम अनेक सर्व्हरांत वाटता येते. मेटाडेटासाठी वेगवान एसएसडी (फिरती तबकडी नसलेली डिस्क) आणि प्रत्येकाच्या फाइलींच्या संख्येवर मर्यादा (कोटा) हेही उपयोगी पडतात. दोन सर्व्हरांना एकाच डिस्कसंचाची जोडणी दिली की एक बंद पडल्यावर दुसरा त्याचे काम उचलतो. मात्र तसे करण्याआधी पहिल्याची वीज खरोखर तोडली गेल्याची खात्री करावी लागते, नाहीतर दोघेही एकाच डिस्कवर लिहून सगळ्याची माती करतील. ही सगळी मांडणी यंत्र विकत घेतानाच ठरवावी लागते, आणि ती रोज सांभाळायला जाणती माणसे लागतात. आमच्याकडे हे काम वर्षानुवर्षे अकरा महिन्यांच्या कंत्राटावरील तरुणांकडून करून घेतले जाते. कोणता साठवण सर्व्हर कधी आणि का रुसतो हे एखाद्याला उमगेपर्यंत त्याची मुदत संपते, आणि नव्या माणसाला सगळे पहिल्यापासून शिकवावे लागते. याचे मला फार वाईट वाटते.

१९९१ मध्ये ‘परम ८०००’ याच पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्रात साकारला, त्यामुळे महासंगणकाच्या बातम्या येथील वाचक आपुलकीने वाचतात. नवे यंत्र येईल तेव्हा आपल्या वार्ताहरांनी पेटाफ्लॉपबरोबरच साठवणीचा प्रत्यक्ष वाचन-लेखन वेग किती, मेटाडेटा सर्व्हर किती आणि त्यांच्या देखभालीसाठी कायम पदे किती मंजूर झाली, हेही संबंधितांना विचारावे आणि मिळालेली उत्तरे छापावीत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, पुणे