आधीच्या माणसाची माहिती पुढच्याला दिसता कामा नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सिंहस्थाच्या तयारीच्या बातम्या वाचायला मिळतात. रस्ते, घाट, पूल, वाहनतळ यांवर चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. २०२७मध्ये लाखो भाविक रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरी येतील, तेव्हा बसस्थानक, रेल्वे स्टेशन, सरकारी कार्यालये अशा ठिकाणी माहिती आणि अर्जांसाठी टचस्क्रीनची यंत्रे, म्हणजे किऑस्क, आणखी लागतील. या यंत्रांत बहुधा एक साधा संगणक असतो आणि त्यावर आपण घरी वापरतो तोच क्रोम, एज किंवा फायरफॉक्स हा ब्राउझर. घरच्या ब्राउझरने पासवर्ड, पत्ता, नंबर सगळे लक्षात ठेवावे असे आपल्याला वाटते. रांगेतल्या यंत्राने मात्र समोरचा माणूस बाजूला झाला की सगळे विसरले पाहिजे. ही एक गोष्ट नीट होत नाही, म्हणून हे पत्र.

मी पंचवटीत संगणकाचे वर्ग घेते. शहरातल्या एका कार्यालयात अलीकडे पाहिलेला प्रकार सांगते. दिंडोरीकडचे एक आजोबा किऑस्कवर डिजिटल सातबारा काढायला उभे होते. मोबाइल नंबरच्या चौकटीला त्यांनी बोट लावले आणि आधी येऊन गेलेल्यांचे नंबर एकाखाली एक उघडले. आजोबांना वाटले, यातलाच एखादा निवडायचा असतो. त्यांनी निवडलाही. ओटीपी अर्थातच कुणा दुसऱ्याच्या फोनवर गेला, आणि आजोबा आपला फोन हातात धरून वाट पाहत राहिले. त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करून दिली. सातबारा आला. प्रिंट काढायला गेलो, तर प्रिंटरच्या यादीत ‘पीडीएफ म्हणून जतन करा’ हा पर्यायही होता. तो दाबल्यावर फाइल कुठे ठेवायची हे विचारणारी खिडकी उघडली आणि तिच्यात डाउनलोडचे पूर्ण फोल्डर दिसले. कुणाचा उत्पन्नाचा दाखला, कुणाचे आधार कार्ड, कुणाचे बँक पासबुकाचे पहिले पान. तिथल्या कर्मचाऱ्यांना दाखवले. त्यांनी बिचाऱ्यांनी तत्परतेने सगळे पुसले. पण यंत्राची मांडणी तीच असल्याने तो ढीग पुन्हा साचणारच.

त्या यंत्राचा पडदा पूर्ण भरलेला होता. वर पत्त्याची पट्टी नाही, खाली टास्कबार नाही. बघणाऱ्याला वाटावे, बंदोबस्त चोख आहे. ब्राउझर ‘किऑस्क मोड’मध्ये सुरू केला की असे दिसते. क्रोममध्ये ही सोय फार पूर्वीपासून आहे, फायरफॉक्सनेही डिसेंबर २०१९मध्ये ७१व्या आवृत्तीत ती दिली. पण त्याने मुख्यतः बटणे आणि पट्ट्या झाकल्या जातात. प्रिंटची खिडकी, फाइल निवडण्याची खिडकी, उजवी क्लिक, कीबोर्डवरचे शॉर्टकट हे रस्ते वेगळे बंद करावे लागतात. त्यासाठी क्रोम आणि एजमध्ये धोरणे, म्हणजे ब्राउझरमध्ये काय चालू आणि काय बंद ठेवायचे हे ठरवणारे नियम असतात, फायरफॉक्समध्ये धोरणांची एक छोटी फाइल असते. पासवर्ड जतन करणे, फॉर्म आपोआप भरणे, डेव्हलपर टूल्स (पानाच्या आतला कोड उघडणारी साधने) हे सगळे तिथून बंद करता येते, क्रोम आणि एजमध्ये डाउनलोडही. यासाठी जादा पैसे मोजावे लागत नाहीत. जाणकाराने शांतपणे बसून करायचे काम आहे.

यावर पुरवठादारांचे ठरलेले उत्तर असते, ‘आम्ही इनकॉग्निटो लावलंय’, म्हणजे वापराच्या खुणा मागे न ठेवणारी ब्राउझरची खासगी खिडकी. वाचकांनी हे मुद्दाम समजून घ्यावे असे मला वाटते. इनकॉग्निटोमधले लॉगिन आणि कुकीज (संकेतस्थळाने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या ओळखीच्या नोंदी) पुसल्या जातात त्या शेवटची इनकॉग्निटो खिडकी बंद झाल्यावर. किऑस्कची खिडकी तर सकाळी उघडते ती रात्रीपर्यंत बंदच होत नाही. म्हणजे सकाळी आलेल्या बाईंनी लॉगिन केले आणि ‘बाहेर पडा’ दाबायचे राहून गेले, तर दुपारी येणाऱ्याला त्यांचे खाते उघडे मिळू शकते. डिजिटल सातबाऱ्यासारख्या सेवेत तर खात्यात आधी पैसे भरून ठेवावे लागतात. ते उघडे राहिले तर नुकसान थेट रुपयांचे. म्हणून दोन माणसांच्या मध्ये ब्राउझर पूर्ण बंद होऊन कोरा सुरू झाला पाहिजे. पडद्यावर ‘माझे काम झाले’ असे ठळक मराठी बटण हवे, आणि ते न दाबता कुणी निघून गेले तर ठरावीक वेळाने यंत्राने स्वतःच सगळे पुसले पाहिजे. एजमध्ये ही वेळमर्यादा आयती मिळते. पण त्याच्या किऑस्क मोडचे दोन प्रकार आहेत: सार्वजनिक ब्राउझिंगच्या प्रकारात ती मुळातच पाच मिनिटांची असते आणि पूर्ण पडद्याच्या प्रकारात बंद असते. या दुसऱ्या प्रकारात बसवणाऱ्याने ती आठवणीने चालू करायला हवी.

वीज गेली की आणखी एक घोटाळा होतो. यंत्र परत सुरू झाल्यावर ब्राउझर ‘आधीची पाने पुन्हा उघडू का?’ असे विचारतो. आपल्याकडे पावसाळ्यात वीज किती वेळा जाते हे मी सांगायला नको.

कडकपणा करतानाही माणूस डोळ्यांसमोर हवा. ओटीपी यायला वेळ लागतो, आजोबांना चष्मा शोधायला त्याहून जास्त. पुसण्याआधी ‘अजून वेळ हवा का?’ असे विचारलेच पाहिजे. टास्कबार झाकला की भाषा बदलण्याचे बटणही जाते, आणि सातबारा नावावरून शोधायचा तर नाव मराठीत टाइप करावे लागते. तेव्हा मराठी कळफलक पडद्यावरच हवा. मोजक्याच संकेतस्थळांना परवानगी द्यायची हे योग्यच, पण पैसे भरताना पान आधी पेमेंट कंपनीच्या आणि मग बँकेच्या पत्त्यावर जाते. ते पत्ते यादीत नसतील तर व्यवहार मध्येच अडकतो, लोक ओरडतात, आणि वैतागलेला तंत्रज्ञ सगळेच खुले करून निघून जातो. यादी करणाऱ्याने प्रत्येक सेवा पैसे भरण्यापर्यंत स्वतः करून पाहिली असती, तर ही वेळ आली नसती.

विंडोज १०ची नेहमीची सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली. जुनी यंत्रे रंग देऊन नव्या जागी उभी करण्याआधी हे तपासले जावे. लोकांची माहिती गोळा करणाऱ्याने तिच्या सुरक्षिततेची वाजवी काळजी घ्यावी, असे २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही सांगतो.

माझी महापालिका, जिल्हा प्रशासन आणि किऑस्क बसवणाऱ्या प्रत्येक कार्यालयाला विनंती आहे की निविदेत पडद्याचा आकार आणि हमीची वर्षे लिहिता, तशीच ‘प्रत्येक वापरानंतर सर्व माहिती नष्ट झाली पाहिजे’ ही अट लिहा. यंत्र ताब्यात घेताना एकाने लॉगिन करून तसेच निघून जावे, दुसऱ्याने मागोमाग येऊन काय दिसते ते पाहावे, प्रिंटमधून फोल्डर उघडते का ते पाहावे, चालू यंत्राचा प्लग काढून पुन्हा लावावा. अर्ध्या तासाचे काम आहे. त्यानंतरच बिल मंजूर करावे. शहरातल्या कोणत्याही कार्यालयाला ही तपासणी करून हवी असेल, तर माझे विद्यार्थी आणि मी ती विनामूल्य करून देऊ.

आपली,
एक वाचक,
पंचवटी, नाशिक