'इट इज डिफिकल्ट टु नो'च्या पुढची टिंबे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'कळणे कठीण आहे', 'माहीत असणे गरजेचे आहे' हे अर्थ सांगणाऱ्या इंग्रजी रचना शैक्षणिक पुरवण्यांत आणि मार्गदर्शकांत वरचेवर छापल्या जातात. 'इट इज डिफिकल्ट टु नो', 'इट इज इम्पॉर्टंट टु नो' एवढेच देऊन पुढे टिंबे सोडलेली असतात. हा भाग मुले पाठ करतात आणि तो सहसा चुकत नाही. वाक्य मोडते ते टिंबांच्या जागी, आणि तिथलेच नेमके शिकवले जात नाही.

'नो'नंतर व्हॉट, व्हेअर, व्हाय असा शब्द आला की विद्यार्थी सवयीने प्रश्न तयार करतो : 'इट इज डिफिकल्ट टु नो व्हेअर इज द की.' इथे कोणी कोणाला प्रश्न विचारलेला नाही. प्रश्न वाक्याच्या पोटात गेला आहे, म्हणून क्रम साध्या विधानाचा हवा, आधी कर्ता आणि मग क्रियापद : 'व्हेअर द की इज'. डू, डझ, डिड गळतात आणि त्यांच्याकडे असलेला काळ मुख्य क्रियापदाकडे परत येतो. 'व्हाय डिड शी लीव्ह'चे 'व्हाय शी लेफ्ट' होते. बरेच जण डिड काढतात, पण लीव्हचे लेफ्ट करायचे राहून जाते. शेवटी प्रश्नचिन्ह नको, पूर्णविराम. 'हू'च कर्ता असेल तर मात्र काहीच हलवावे लागत नाही : 'इट इज हार्ड टु नो हू केम.'

प्रश्न हो-नाहीचा असेल तर 'व्हेदर' घ्यावे. बोलताना 'इफ'ही चालते, पण लगेच पुढे 'टु' असेल तर 'व्हेदर'च : 'नो व्हेदर टु वेट'. 'इफ टु वेट' चूक.

दुसरी अडचण 'मला'ची. आपल्याकडे वाक्य 'मला'पासून सुरू होते, म्हणून 'आय ॲम डिफिकल्ट टु नो' असे लिहिले जाते. व्याकरणाला ते बरोबर दिसते, त्यामुळे तपासताना सुटते. पण त्याचा अर्थ होतो, माझ्याशी नीट ओळख होणे अवघड आहे. हवे ते 'इट इज डिफिकल्ट फॉर मी टु नो' किंवा 'आय फाइंड इट डिफिकल्ट टु नो'. या दुसऱ्या रचनेतले 'इट' गाळता येत नाही.

डिफिकल्ट आणि इम्पॉर्टंट एकाच साच्यात बसवून शिकवणे मला धोक्याचे वाटते. 'इट इज इम्पॉर्टंट दॅट शी शुड नो द रूल्स' बरोबर आहे. 'शुड' गाळले तरी औपचारिक इंग्रजीत 'शी नो' असेच राहते, 'एस' लागत नाही. 'इट इज डिफिकल्ट दॅट शी नोज द रूल्स' मात्र चालत नाही. तिथे 'फॉर हर टु नो' हाच मार्ग.

'हॅव डिफिकल्टी'नंतर 'टु नो' नव्हे, 'नोइंग' येते. 'देअर इज नो नोइंग व्हॉट विल हॅपन', म्हणजे काय होईल याचा नेम नाही, या रचनेतही तेच रूप. 'हार्ड'च्या जागी 'हार्डली' घातले तर अर्थच फिरतो : 'आय हार्डली नो हिम' म्हणजे मी त्याला जवळपास ओळखतच नाही. आणि एखादी गोष्ट करता येणे महत्त्वाचे असेल, तर 'नो'नंतर 'हाऊ टु' हवे : 'इट इज इम्पॉर्टंट टु नो हाऊ टु स्विम'.

आपल्या पुरवणीत यापुढे अशी रचना द्याल तेव्हा टिंबांऐवजी पूर्ण वाक्य छापावे आणि खाली दोन-तीन सरळ प्रश्न द्यावेत, ही विनंती. उदाहरणार्थ, 'व्हेन डझ द क्लास स्टार्ट?' हा प्रश्न 'इट इज इम्पॉर्टंट टु नो'ला जोडायला सांगावे. 'व्हेन द क्लास स्टार्ट्स' असे उत्तर आले, तर त्यातला 'स्टार्ट्स'चा 'एस' आधी पाहावा. तो आला असेल, तर डझ कुठे गेले हे विद्यार्थ्याला कळले आहे.

आपली,
इंग्रजीची एक शिक्षिका