३४ चा ब्लाउज

सांगली, रविवार रात्र

चि. मनू,

एसटीच्या पार्सलनं आलेला नाचाचा ब्लाउज मिळाला. "आई, अजून दीड इंच आत घे," ही चिठ्ठीही. घेतला. उद्या साताऱ्याच्या गाडीला देते. युवा महोत्सवाच्या आत पोचेल.

एवढंच लिहायचं ठरवलं होतं. पण मापाची वही काढली. जूनमध्ये ३४, गणपतीत साडेबत्तीस, आता ३१. इतक्या झरझर उतरलेलं माप मी टायफॉइडमधून उठलेल्या पोरींचंच बघितलंय.

आज सकाळी काय खाल्लंस?

सरांनी जाड दिसतेस म्हणून मागच्या रांगेत घातलं, हे तू मावशीला सांगितलंस. मला का नाही, ते विचारत नाही. पण चहा-बिस्किटावर तीन तास कथकचा तत्कार आणि चकरा कशा निभायच्या गं? डॉक्टरीणबाईंनी गणपतीत सांगितलं ते आठव. हिमोग्लोबिन ९, बाईला निदान १२ लागतं. तीन महिने पाळी नाही, ती कटकट गेली असं समजू नकोस. खाणं कमी आणि मेहनत जास्त झाली की अंग आधी पाळी थांबवतं, मग हाडं ठिसूळ होतात. पायाची नळी दुखते म्हणालीस. बारीक चीर असेल तर नाचून वाढेल. अंगावर काढू नकोस, दाखव.

लागलेच बघ बोलायला. रागावू नकोस. मला कुठल्या तोंडानं बोलता येतं? दादाच्या लग्नात "दंड दिसतात" म्हणून तुला लांब बाह्या मीच लावल्या. तुला आठवतं का, ठाऊक नाही. मला रोज आठवतं. चुकलं माझं.

२०१९ च्या पुरात पाणी जिन्याला लागलं तेव्हा मी मशीन सोडलं आणि तुझे घुंगरू उचलले. तू आठवीत. नावेत ते मांडीवर घट्ट धरून बसलीस. छावणीत पिठलं-भात दोनदा मागून घेतलास आणि रात्री शाळेच्या व्हरांड्यात, कंदिलाच्या उजेडात, सगळ्या बायकांसमोर नाचलीस. घर बुडालेल्या बायका टाळ्या वाजवत होत्या. नाना भिंतीकडे तोंड करून रडले. तेच सांगायचे ना, आपल्या नागठाण्याचे बालगंधर्व अंगानं सुटले तरी बायका लुगडं नेसायच्या ते त्यांच्यासारखंच! त्या रात्रीइतका अभिमान मला कशाचाच वाटला नाही. तेव्हा तुझं माप काय होतं, वहीत नाही. वही पुरात गेली.

डब्यात डिंकाचे लाडू आहेत. गेल्या वेळचा डबा भरलेलाच परत आला, आजीला मी सांगितलं नाही. रोज एक खा. अर्धा तरी.

महोत्सवाला मी येतेय, रांग कुठलीही असो.

आणि ब्लाउजच्या दोन्ही कुशींतली माया मी कापलेली नाही, आत दुमडून कच्ची टीप घातलीय. धागा ओढलास की पुन्हा ३४ चा होतो.

जेवलीस की फोन कर.

तुझी
आई