चौरस फुटांबरोबर दाराचाही हिशेब हवा

संपादक महोदय,

पुनर्विकासाच्या सभांत कार्पेट एरियावरून रात्री बारापर्यंत खडाजंगी होते. कॉर्पस (बिल्डरकडून रहिवाशांना मिळणारा निधी), भाडे, पार्किंग, सगळे निघते. पण या घरात एखाद्याला दार लावून अर्धा तास एकटे बसता येईल का, हे नकाशात कोणी शोधत नाही. मुंबईतल्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर मिळते, झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजनेत ३०० चौरस फुटांचे. जागा वाढते, हे खरेच. मात्र चाळीत खोली लहान असली तरी गॅलरी, जिना, गच्ची हाताशी होती. रुसलेला माणूस तिथे जाऊन बसे. टॉवरच्या लिफ्टसमोर कोण बसणार? तेव्हा रुसणे, रडणे, मैत्रिणीशी फोनवर बोलणे आता घरातच मावायला हवे.

नकाशा हाती आला की आधी पाहावे, कोणाला कोणाच्या खोलीतून जावे लागते. वन बीएचकेत संडास एकच आणि त्याचे दार बेडरूममध्ये उघडत असेल, तर ती बेडरूम नव्हे, रस्ता झाला. रात्री दोन वाजता आजोबांना उठायचे तर मुलासुनेचे दार ठोठवायचे! दोन-चार वेळा असे झाले की ते दार लावणेच बंद होते. संडासाचे दार पॅसेजमध्ये घ्या, हे मंजुरीआधीच सांगावे. आता बऱ्याच इमारती मायवान पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यांत काँक्रीट ओतून, बांधतात. त्यांत आतल्या भिंतीही काँक्रीटच्या असतात, मागाहून फोडता येत नाहीत.

राहत्या घरात फार खर्च न करता होणारे पहिले काम म्हणजे बेडरूममधून घरच्या सामायिक वस्तू बाहेर काढणे. गणपतीचे मखर, पाहुण्यांच्या गाद्या, इस्त्री, औषधांचा डबा, कपडे वाळत घालायची दोरी या सगळ्यांचा मुक्काम बेडरूममध्ये असतो. मग ‘जरा इस्त्री घेते’ म्हणत कोणीही कधीही आत येतो, आणि त्यात त्याची काही चूकही नसते. सुनेच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात गोधड्या ठेवल्या की ते कपाट तिचे राहत नाही. हक्काची कडी लागते ती फक्त बाथरूमची, आणि तिथेही ‘इतका वेळ काय करतेस?’ हे विचारायला कोणीतरी बाहेर असतेच.

हॉलमध्ये आडोसा करायचा तर आधी ठरवावे की नजर अडवायची आहे की आवाज. पडदा फक्त नजर अडवतो. त्याचे कापड रॉडच्या लांबीच्या दुप्पट घ्यावे, नाहीतर मध्ये फट राहते. वरचा दीड फूट भाग जाळीचा ठेवावा, नाहीतर पंख्याचा वारा आत पोहोचत नाही आणि आठवडाभरात पडदा कायमचा बाजूला सरकतो. बंक बेडला रेल्वेच्या टू एसीसारखा पडदा आणि आत स्वतंत्र बटणाचा छोटा दिवा पुरतो. अभ्यास करणाऱ्यामुळे दुसऱ्याची झोप मोडत नाही.

आवाजासाठी नुसत्या प्लायचा उपयोग नाही, शेजारची कुजबुजही ऐकू येते. दोन्ही बाजूंना साडेबारा मिलिमीटरचे जिप्सम बोर्ड, मध्ये दोन इंचांची पत्र्याची चौकट आणि पोकळीत आवाज शोषणारे रॉकवूल, अशी तीन इंचांची भिंत बरीच चांगली. फसते ती दोन ठिकाणी: फॉल्स सीलिंगपर्यंतच थांबवली तर आवाज वरून पलीकडे जातो (स्लॅबपर्यंत न्यावी), आणि दोन्हीकडचे स्विचबोर्ड पाठीला पाठ लावून बसवले तर तिथे भोकच पडते. दाराखालच्या अर्ध्या इंचाच्या फटीला ब्रशची पट्टी लावावी. विटांची भिंत मात्र स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारल्याशिवाय स्लॅबवर उभी करू नये.

‘आत कोणी पडले-बिडले तर?’ ही घरच्यांची भीती रास्त आहे. आतून कडी आणि बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी खाच असलेले कुलूप मिळते, तेच म्हातारी माणसे व मुले वापरतात त्या दाराला लावावे.

सगळ्यात कमी जागा येते ती हॉलमध्ये झोपणाऱ्या ज्येष्ठाच्या वाट्याला. टीव्ही बंद होईपर्यंत त्यांना आडवे होता येत नाही. पाहुणे आले की त्यांचे अंथरूण गुंडाळले जाते. टीव्हीची वेळ ठरवणे किंवा बघणाऱ्याने हेडफोन लावणे, एवढे तरी व्हावे. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले. पण एका ड्रॉवरसाठी कोणी आजी कोर्टात जाणार नाही. तो ड्रॉवर त्यांना न मागता द्यावा, कुलपासकट. कुलपाबरोबर दोन चाव्या येतात. दोन्ही त्यांच्याच हातात द्याव्यात.

— एक वास्तुरचनाकार, दादर